मारामारी कमी, तालीम जास्त : शाओलिनच्या छत्तिसाव्या दालनाची जादू

मठातलं भोजनगृह. आत पंगत बसलेली आणि दारासमोर पाण्यानं भरलेला चर. पूल नाही, फळी नाही. पाण्यात एकत्र बांधलेले दोन-चार ओंडके तरंगतायत, तेवढेच. बाकीचे भिक्षू त्यावर पाय टेकवतात न टेकवतात तोच पलीकडे पोचतात, जणू घराचा उंबराच ओलांडला. नवा पोरगा मात्र उडी मारतो, ओंडके गर्रकन फिरतात आणि स्वारी धबाककन पाण्यात. ओल्या कपड्यांनी जेवायला जायचं नाही, असा नियम. कपडे वाळेपर्यंत पंगत उठलेली असते.

१९७८ साली हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या चित्रपटातला हा प्रसंग. नावाचा अर्थ सरळ आहे : शाओलिनचं छत्तिसावं दालन. कुंग फू चित्रपटांचं वेड असलेल्या कुणालाही याबद्दल विचारा. तो शेवटची हाणामारी सांगत बसणार नाही. तो ओंडके सांगेल, पाण्याच्या बादल्या सांगेल, उदबत्त्या सांगेल. गंमत आहे ना? मारामारीच्या चित्रपटातला नायक जवळपास अर्धा वेळ कुणाला मारतच नाही, आणि लोकांना आवडतो तो नेमका तेवढाच भाग.

असं का होतं, ते समजून घ्यायचं तर चित्रपट थोडा उलगडून बघावा लागेल.

गोष्ट दोन मिनिटांत सांगता येते. चीनवर मांचूंच्या चिंग घराण्याचं राज्य आहे. दक्षिणेतल्या कँटन शहरात एक शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी बंडखोरांना गुपचूप मदत करतात. जनरल त्येन त्यांना चिरडून टाकतो. ल्यू युदे नावाचा एक विद्यार्थी जखमी होऊन पळतो आणि कसाबसा शाओलिन मठ गाठतो. त्याला कुंग फू शिकायचंय, सूड घ्यायचाय. मठवाले त्याला ठेवून घेतात, डोकं भादरतात, ‘सान ते’ असं नवं नाव देतात आणि हातात झाडू देतात. वर्षभर त्याला कुणी काही शिकवत नाही. शेवटी तोच जाऊन विचारतो, तेव्हा कळतं की मठात शिकण्याची पस्तीस दालनं आहेत. सुरुवात कुठून करणार? तर हा म्हणतो, सगळ्यात वरच्यापासून. तिथे म्हातारे भिक्षू शांतपणे सूत्रं म्हणत बसलेले. त्यांच्या नुसत्या शक्तीनं हा बाहेर फेकला जातो आणि निमूटपणे तळाच्या दालनाची वाट धरतो. तळाचं दालन म्हणजे तोच पाण्याचा चर.

इथे ‘कुंग फू’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. आपण तो लाथा-बुक्क्यांना वापरतो, पण चिनी भाषेत त्याचा मूळ रोख वेळ देऊन, कष्ट करून कमावलेल्या कौशल्याकडे आहे. स्वयंपाक्याच्या हाताला कुंग फू असतं, सुंदर अक्षर काढणाऱ्यालाही असतं. आपला ‘रियाज’ आणि ‘कमावलेलं शरीर’ यांतला ‘कमावलेलं’ हे दोन शब्द एकत्र केले तर साधारण जवळ जाता येईल. हा अर्थ डोक्यात ठेवून चित्रपट पाहिला की त्याची रचना लगेच लक्षात येते. हा मारामारीचा चित्रपट नाहीच, हा रियाजाचा चित्रपट आहे.

आता दालनं बघू. पाणी भरायचं काम आहे. दोन्ही हातांत दोन बादल्या, त्या चढावरून वर न्यायच्या आणि ओतायच्या. सोपं वाटतं. पण दंडांना आतल्या बाजूनं धारदार पाती बांधलेली असतात. हात खांद्याच्या रेषेत ताठ आडवे ठेवले तर ठीक. दमून हात जरा खाली आले की पातं बरगडीत. पुढच्या एका दालनात लांब काठी आहे, तिच्या टोकाला वजन. काठी दुसऱ्या टोकाशी धरून नुसत्या मनगटाच्या जोरावर उचलायची आणि घंटेवर टोला द्यायचा, तोही गुरूच्या ठोक्याला धरून. आणखी एका दालनात डोळ्यांची तालीम आहे. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जाडजूड उदबत्त्या पेटवलेल्या, समोर झुलणारा दिवा. दिव्याचा पाठलाग फक्त बुबुळांनी करायचा. मान वळली की गाल भाजतो. आणि डोक्याच्या दालनात ओळीनं टांगलेली वाळूची पोती आहेत. ती डोक्यानं ढकलत पलीकडे जायचं आणि बुद्धापुढे उदबत्ती लावायची. सान ते तिथे पोचतो तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नाही.

या सगळ्यांत एक सूत्र आहे, आणि ते ओळखायला मला हा चित्रपट दोनदा पाहावा लागला. कुठल्याही दालनात गुरू फारसा ओरडत नाही. गरजच नाही. चूक झाली की वस्तूच शिक्षा करते. पाणी भिजवतं, पातं टोचतं, उदबत्ती चटका देते. उपकरण असं रचलेलं आहे की बरोबर करण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो शरीराला आपोआप सापडतो. तालमीत दोर-मल्लखांब चढलेल्यांना हे सांगायला नको. पकड चुकली की काय होतं ते दोरच सांगतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दिग्दर्शक सान तेला शिकवतो तेव्हा तो आपल्यालाही शिकवत असतो. साध्या प्रेक्षकाला मारामारीत काय दिसतं? हात-पाय भराभर हलतात, कुणीतरी पडतं. पण मनगटाच्या त्या दालनात दहा मिनिटं घालवल्यावर पुढे सान तेच्या हातात काठी येते, तेव्हा आपली नजर आपोआप मनगटाकडे जाते. पाय जमिनीला किती हलका टेकतोय ते कळायला लागतं. मैफलीला जाण्याआधी कुणी तासभर राग समजावून सांगावा, तसं हे आहे. मग ती जागा आली की आपणही मान डोलावतो. या चित्रपटाचे चाहते इतके जिवाभावाचे का, याचं माझ्या मते हेच कारण आहे. त्यांना फक्त करमणूक मिळालेली नाही, त्यांना बघायला शिकवलं गेलंय.

आता हा दिग्दर्शक कोण? लाऊ कार-लियुंग. त्याची गोष्ट चित्रपटाइतकीच रंगतदार आहे.

आधी नावांचा घोळ मिटवून टाकू, कारण नव्या माणसाची यातच दमछाक होते. हाँगकाँगचे लोक कँटनी बोलतात, पण त्या काळात मोठ्या स्टुडिओचे चित्रपट मँडरिनमध्ये निघायचे. चिनी लिपीत नाव एकच, पण वाचताना कँटनीत ‘लाऊ कार-लियुंग’ आणि मँडरिनमध्ये ‘ल्यू च्या-ल्यांग’. माणूस एकच. नायकाचं काम करणारा गॉर्डन ल्यू हाच लाऊ कार-फाय आणि हाच ल्यू च्या-ह्वे. एकाच माणसाचं नाव तीन पोस्टरांवर तीन तऱ्हांनी दिसलं तर गोंधळू नका.

लाऊ कार-लियुंग हा हुंग गार या पद्धतीचा वारसदार. ‘गार’ म्हणजे कुटुंब, घर. त्यामुळे ‘हुंग गार’चं मराठी करायला काहीच कष्ट पडत नाहीत : हुंग घराणं. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखंच इथेही कोण कुणाचा शिष्य हे मोजून सांगितलं जातं. लाऊचे वडील लाऊ झाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य. लाम साय-विंग पेशानं खाटीक होते आणि वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. हे वाँग फेई-हुंग म्हणजे कँटनमधले वैद्य आणि कुंग फूचे गुरू. दक्षिण चीनच्या या लोकनायकावर इतके चित्रपट निघालेत की मोजदाद करणं अवघड आहे. त्यांचे वडील वाँग केई-यिंग, त्यांचे गुरू लुक आ-चोय आणि सगळ्यात वर हुंग हेई-गुन, ज्याच्या नावानं हे घराणं चालतं. वरच्या दोन-तीन पायऱ्या दंतकथेच्या धुक्यात आहेत, खालच्या बऱ्यापैकी इतिहासात.

१९४९ पासून हाँगकाँगमध्ये वाँग फेई-हुंगवर चित्रपटांची एक लांबलचक मालिका सुरू झाली. त्यात लाऊ झाम यांनी लाम साय-विंगची भूमिका केली. म्हणजे पडद्यावर शिष्यच स्वतःच्या गुरूचं काम करत होता! मुलगा कार-लियुंग याच चित्रपटांच्या सेटवर वाढला. आधी पडेल ती कामं केली, मग मारामारी बसवायला लागला. शॉ ब्रदर्स या बड्या स्टुडिओत चांग चेह या दिग्दर्शकासाठी त्यानं वर्षानुवर्षं मारामाऱ्या बसवल्या आणि १९७५ मध्ये स्वतः दिग्दर्शक झाला. गॉर्डन ल्यू हा जन्मानं या घरातला नव्हे. तो लाऊ झाम यांच्याकडे शिकायला आला आणि त्यांचा मानलेला मुलगा झाला. ‘लाऊ’ हे आडनावही तिथूनच आलं. त्यामुळे पडद्यावर ओंडक्यांवरून घसरणारा नट आणि कॅमेऱ्यामागचा दिग्दर्शक हे एकाच तालमीतले गुरुबंधू आहेत.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे या. शेवट सांगितल्यानं मजा जाणार नाही, शपथेवर सांगतो. सान ते पस्तीसही दालनं पार करतो. मठातला एक वरिष्ठ भिक्षू त्याची परीक्षा घेतो. हा दोनदा हरतो. मग बांबूच्या बनात त्याला एक कल्पना सुचते : एकच लांब काठी वापरण्याऐवजी साखळीनं जोडलेले तीन तुकडे. तिसऱ्या खेपेला या तीन तुकड्यांच्या काठीनं तो जिंकतो. (हे शस्त्र खरोखर असंच जन्माला आलं असं समजू नका, पण चित्रपटातली युक्ती झकास आहे.) मठ त्याला विचारतो, कुठल्या दालनाचा प्रमुख होतोस? तो म्हणतो, मला छत्तिसावं दालन उघडायचंय. मठाबाहेरच्या साध्या माणसांसाठी.

मठाची विद्या मठातच राहायला हवी, असा नियम. त्यामुळे त्याला शिक्षा होते : मठाबाहेर जाऊन भिक्षा गोळा कर. म्हणायला शिक्षा, पण खरं तर मठाधिपतीनं दिलेली परवानगीच. सान ते बाहेर पडतो, जनरलचा हिशेब चुकता करतो आणि शिष्य गोळा करतो. त्या शिष्यांची नावं कान देऊन ऐका. त्यांत एक हुंग हेई-गुन आहे आणि एक लुक आ-चोय.

म्हणजे चित्रपट संपतो तिथे दिग्दर्शकाचं स्वतःचं घराणं सुरू होतं. तो जणू आपल्या खापर-खापर-पणजोबा-गुरूंचा पहिला दिवस दाखवतोय. हाँगकाँगमधल्या जाणकार प्रेक्षकाला ही नावं ऐकून अंगावर काटा येत असेल. आपल्याला ती फक्त दोन चिनी नावं वाटतात आणि निसटून जातात.

छत्तीसच्या आकड्याबद्दल एक गंमत. आपल्याकडे ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून छत्तीसचा आकडा म्हणजे वैर. चिनी लोकांच्या हे गावीही नसणार, पण चित्रपटाला ते चपखल बसतं. मठ आणि जग एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेत, आणि सान तेला नेमकं तेच नको आहे.

आता चित्रीकरणाकडे वळू, कारण ‘जुने चित्रपट म्हणजे सगळं खोटं-खोटं’ असा एक समज असतो. काही गोष्टी खोट्या आहेतच. हेनान प्रांतातला खरा शाओलिन मठ यात कुठेही नाही. जे दिसतं ते शॉ ब्रदर्सच्या हाँगकाँगमधल्या क्लिअरवॉटर बे इथल्या स्टुडिओतलं. खऱ्या मठाच्या आवारात चित्रित झालेला जेट लीचा गाजलेला चित्रपट त्यानंतर चार वर्षांनी, १९८२ मध्ये आला. संवाद नंतर भरलेले आहेत, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. झूम तर इतक्या हौसेनं वापरलाय की कधी कधी हसू येतं. ठोश्यांचे आवाज म्हणजे गादीवर काठी आपटल्यासारखे.

पण शरीरं खरी आहेत. आजकालच्या पुष्कळ मारामाऱ्यांत कॅमेरा जवळ जातो, हलतो, अर्ध्या सेकंदात दृश्य बदलतं. नटाला येत नसलं तरी खपून जातं. लाऊ याच्या बरोबर उलट करतो. कॅमेरा मागे घेतो, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दाखवतो आणि एका सलग तुकड्यात दहा-पंधरा डाव होऊ देतो. चूक लपवायला जागाच नाही. लयीकडेही लक्ष द्या. डाव सलग चालत नाहीत. एक झटापट, मग क्षणभर दोघं पवित्र्यात स्थिर, मग पुन्हा झटापट. तो थांबा म्हणजे आपल्यासाठी दिलेली सम आहे. आत्ता काय झालं ते डोळ्यांत बसायला वेळ मिळतो. चिनी ऑपेरातही नट अशाच मोक्याच्या जागी तालवाद्याच्या ठोक्यावर स्थिर उभा राहतो. ही सवय तिथून आली.

लाऊची आणखी एक खासियत म्हणजे त्याला रक्ताची फार हौस नाही. चांग चेहच्या चित्रपटांत नायक आतडी सांभाळत मरतात. लाऊला त्यापेक्षा कोण कुठली पद्धत वापरतोय आणि तिला उत्तर काय, यात रस. त्याच वर्षी गॉर्डन ल्यूलाच घेऊन त्यानं ‘हीरोज ऑफ द ईस्ट’ काढला. त्यात चिनी नवरा आणि जपानी बायको यांच्या भांडणातून दोन देशांच्या युद्धकला एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि चित्रपट संपेपर्यंत एकही माणूस मरत नाही. कुंग फू चित्रपटात ही दुर्मीळ गोष्ट आहे.

हा चित्रपट हाँगकाँगबाहेर कसा पसरला, तेही थोडं सांगतो. अमेरिकेत तो ‘मास्टर किलर’ या भयंकर नावानं गेला. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या स्वस्त थिएटरांत आणि नंतर टीव्हीवर, इंग्रजी आवाज चढवून. तिथल्या कृष्णवर्णीय पोरांनी तो डोक्यावर घेतला. का, ते समजणं अवघड नाही. सत्ता दुसऱ्याची, आपल्या हातात काही नाही, पैसा नाही, ओळख नाही. पण शरीर आपलं आहे आणि रोज थोडं-थोडं घासलं तर ते धार धरतं. त्या पोरांपैकी काहींनी स्टेटन आयलंडला एक रॅप गट काढला, वू-टँग क्लॅन. १९९३ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘थर्टी-सिक्स चेंबर्स’ आहे. गटाचा म्होरक्या रिझा याच्यावर या चित्रपटांचा इतका पगडा की पुढे त्यानं स्वतः कुंग फू चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात मठाधिपती म्हणून गॉर्डन ल्यूलाच घेतलं. क्वेंटिन टॅरँटिनोनं ‘किल बिल’च्या दोन भागांत त्याला दोन वेगळ्या भूमिका दिल्या. दुसऱ्या भागातला पांढऱ्या दाढीचा खडूस गुरू पाय मेई तोच. शिष्याच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध झालेला माणूस पुढे गुरूची कामंही करायला लागला, हे मला फार आवडतं.

आणि हो, तुम्ही त्याला बहुधा आधीच पाहिलंय. २००९ चा ‘चाँदनी चौक टू चायना’ आठवतो? अक्षय कुमारचा. त्यातला होजो नावाचा खलनायक म्हणजे हाच गॉर्डन ल्यू. चित्रपटाबद्दल न बोललेलं बरं, पण आपल्याकडे थिएटरात बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं की पडद्यावर सान ते उभा आहे?

आता बघायचा असेल तर एकच काळजी घ्या. जुन्या व्हिडिओ कॅसेटींवर हे चित्रपट टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापलेले असत. शॉ ब्रदर्सचा पडदा खूप रुंद. लाऊ एका टोकाला हल्ला करणारा आणि दुसऱ्या टोकाला बचाव करणारा उभा करतो. कापलेल्या प्रतीत नुसती काठी दिसायची, काठी धरणारा गायब. दोन हजारच्या दशकात सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीनं शॉच्या साठ्यातले साडेसातशेहून अधिक चित्रपट विकत घेऊन ते स्वच्छ करून बाहेर काढायला सुरुवात केली, आणि जुन्या चाहत्यांनाही तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं अर्धाच चित्रपट पाहत होतो. रुंद पडद्याची प्रत शोधा. आणि शक्य असेल तर मूळ चिनी आवाजात, खाली अक्षरं ठेवून.

शेवटी एक करा. चित्रपट संपला की लगेच बंद करू नका. पुन्हा सुरुवातीला जा. श्रेयनामावली चालू असताना गॉर्डन ल्यू एकटाच पवित्रे करून दाखवतो. पहिल्या वेळी आपण ते ‘नावं चाललीत’ म्हणून सोडून देतो, तेवढ्यात चहा टाकून येतो. या वेळी चहा आधीच करून ठेवा आणि त्याच्या मनगटांकडे बघा.